पूजेला बसलेलं हत्यार

शिकागोहून निघालेली गाडी मिशिगनमध्ये शिरली तेव्हा बाहेर बारीक पाऊस लागला होता, आणि आत शरयू फोनवर आपल्या हत्याराबद्दल तावातावानं बोलत होती.

बोलत होती ती इंग्रजीत आणि चांगल्या खणखणीत आवाजात. शरयूचा आवाज मुळातच वरच्या पट्टीतला, त्यात फोनवर पलीकडच्या माणसाला पटत नसलं की तो आणखी चढायचा.

"नाही सर, माझं वेपन तयार आहे! लॅपटॉपमध्येच आहे... हो, उद्या दुपारी दोनला. हॉल भरलेला असणार. तुमचा अजून विश्वास नाही ना? उद्या सगळ्यांसमोर सिद्ध करून दाखवते!"

साल दोन हजार सात. आपल्या रंगाच्या माणसानं गाडीत मोठ्यानं शिंकायच्या आधीसुद्धा इकडेतिकडे बघावं, असे ते दिवस. पण शरयूला आपल्या विषयापुढे आजूबाजूचं जग दिसत नसे. समोरच्या सीटवरच्या वयस्क बाईंचं विणकाम थांबलंय, त्यांच्या सुया हवेतच राहिल्यात आणि त्या मान उंच करून कंडक्टरला शोधताहेत, हे तिच्या गावीही नव्हतं.

"एक्सक्यूज मी..." शेजारच्या सीटवरून कुणीतरी अगदी हळू म्हणालं. आणि मग चक्क मराठीत, "ती समोरची बाई... ती तुझ्याकडे फार बघतो आहे."

शरयूनं फोन कानाला तसाच धरून मान वळवली. शिकागोपासून हा माणूस कानात काहीतरी घालून डोळे मिटून बसला होता, आणि ती त्याला मेक्सिकन समजत होती. गाडी सुटताना ती आईशी फोनवर मराठीत बोलली होती, ते त्यानं ऐकलं असणार. आता त्याचे डोळे उघडे होते. बरे होते डोळे. जरा जास्तच बरे होते.

"बघतो आहे नाही, बघते आहे," ती म्हणाली. "बाई आहे ना ती!"

"ओके. ती बघते आहे. आणि ती आता उठते आहे," तो म्हणाला. "सांग तिला, वेपन काय आहे ते. प्लीज. पुढे जॅक्सनला मोठं जेल आहे. मला तिथे नाही जायचं."

मग शरयूची ट्यूब पेटली. तिनं फोन ठेवला आणि त्या बाईंना हसून सांगितलं, की तसलं काही नाही हो, मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे आणि लाटव्हियन भाषेतल्या एका शब्दावर संशोधन करतेय. शब्दाचा अर्थ शस्त्र. फक्त शब्द आहे माझ्याकडे.

बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि केवळ सभ्यपणा म्हणून विचारलं, "कुठला शब्द?"

विचारायला नको होतं त्यांनी. पण विचारलं.

"इएरुओत्सिस," शरयू म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. आज लाटव्हियात या शब्दाचा अर्थ शस्त्र. तलवार असो, तोफ असो, कागदोपत्री सगळं इएरुओत्सिस. पण शब्द उकलून बघा! 'रुओका' म्हणजे हात. त्याच्या आधी लागलेलं 'इए' म्हणजे आत. हातात असतं ते! यात मारामारी कुठे आहे? जुन्या कोशांत अर्थ सापडतो तो अवजाराचा. रंधा, करवत, कुदळ... माणूस हातात घेऊन जे चालवतो ते. शस्त्र हा अर्थ मागाहून चढला, आणि असा चढला की खालचं काही दिसेनासं झालं. शरयूचं म्हणणं, की तो जुना अर्थ बोलण्यात अजून कुठेतरी जिवंत असणार. फोनवरचे सर, म्हणजे तिचे गाइड प्रोफेसर हॉलिस, म्हणत, कोशात सगळेच अर्थ जिवंत असतात. मला बोलणारं एक माणूस दाखव.

उद्या मिशिगनमधल्या ट्रॉय या गावापासून अर्ध्या तासावर, लाटव्हियन मंडळाच्या हॉलमध्ये तिचं भाषण होतं. प्रोफेसर स्वतः येणार होते. माणूस सापडलं तर तिला वर्षभर लाटव्हियाच्या राजधानीत, रिगाला जाऊन काम करता येणार होतं. नाही सापडलं तर विषय बदला, इतक्या वर्षांचं काम गुंडाळून ठेवा, असं त्यांनी गोड आवाजात पण स्वच्छ सांगितलं होतं.

बाई सुया खाली ठेवून ऐकत राहिल्या. त्यांचं स्टेशन आलं आणि गेलं.

"अहो, तुमचं काय नाव?" बाई धावतपळत पुढच्या स्टेशनवर उतरल्यावर शरयूनं शेजाऱ्याला विचारलं.

तो एकदम ताठ बसला. "माझी आई बाबांना अहो म्हणते."

"मग?"

"यू आर गोइंग अ लिटल फास्ट."

शरयूचे कान तापले. "मराठीत अनोळखी मोठ्या माणसांना अहोच म्हणतात!"

"पण मी मोठा नाही. सत्तावीस," तो म्हणाला, आणि असं काही हसला की तिला खिडकीबाहेर बघणं भाग पडलं. बाहेर ओल्या शेतांखेरीज काही नव्हतं. तिनं ती शेतं बराच वेळ बघितली.

नाव शार्दूल. जन्म इथलाच, ट्रॉयचा. नोकरी अशी, की शरयूला ती दोनदा विचारावी लागली. गाड्यांचे ब्रेक दाबले की कधीकधी चिरका आवाज येतो, तो का येतो हे ऐकून सांगणं. दिवसभर ब्रेक ऐकायचे.

"आणि मग?"

"मग ते गप्प करायचे." तो जरा थांबला. "तुझा तो शब्द... परत म्हण. मधे काहीतरी वळतं त्याच्यात."

तिनं म्हटला. त्यानं म्हणून बघितला. चुकला. परत म्हणाला. तिनं त्याचं अनेकवचनही शिकवलं, इएरुओचि. आजवर कुणी तिचा शब्द परत म्हणायला मागितला नव्हता. मिरजेत तर अजून निम्मे लोक ती लॅटिन शिकते असं समजत होते आणि उरलेले विचारत होते की कॉम्प्युटर का नाही घेतला.

म्हणून असेल, किंवा पावसामुळे असेल, पण जे तिनं प्रोफेसरांनाही सांगितलं नव्हतं ते त्याला सांगितलं. बाबा सुतार. मिरजेत देव्हारे करतात. घरात हत्यारं म्हणजे रंधा, पटाशी, गिरमिट. दुसरी कुठली हत्यारं असतात हे तिला शाळेत गेल्यावर कळलं. खंडेनवमीला ती सगळी धुऊनपुसून फळीवर पूजेला बसायची, आणि दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत बाबा त्यांना बोट लावत नसत. एकदा बँकेच्या साहेबांच्या घराचं दार आतून अडकलं, साहेब बाबांच्या दारात येऊन गयावया करायला लागले. "बाबांनी पटाशी उचलली नाही. साहेबांनाच उचललं आणि खिडकीतून आत सोडलं."

शार्दूल इतका हसला की पुढच्या सीटवरचं बाळ उठलं.

"तर त्या जुन्या कोशात अवजार हा अर्थ बघितला ना," शरयू म्हणाली, "तेव्हा मला बाबांची फळी दिसली. फुलं वाहिलेली. आमच्या हत्यारातही हात आहेच की, बहुतेक. म्हटलं, इतक्या लांबच्या लोकांना हे कसं सुचलं? झालं... अडकले."

तो तिच्याकडे पुरता वळून बसला. ऐकायचा पगार घेणारा माणूस फुकट ऐकत होता, आणि शरयूला ते फार आवडलं.

स्टेशनवर उतरल्यावर आपापल्या वाटेनं जायचं म्हणून दोघंही उगाच बॅगांच्या पट्ट्यांशी खेळत उभी राहिली. तेवढ्यात पावसातून एक छत्री धावत आली. छत्रीखाली सुनेत्रा मावशी, शरयूच्या आईची शाळेपासूनची मैत्रीण, जिच्याकडे ती उतरणार होती.

"अगंबाई, तुम्ही भेटलात पण!" मावशी म्हणाली. "शार्दूल, तिची बॅग घे ना!"

शरयूनं शार्दूलकडे बघितलं. शार्दूलनं आईकडे. मावशी छत्रीकडे बघत होती.

---

शनिवारी सकाळी ट्रॉयच्या त्या घरात नवमीची धांदल उडाली होती.

"इतकी वर्षं नवमी येते बुधवारी नाहीतर गुरुवारी, आणि आपण ती शनिवारी उरकतो," मावशी चौरंग पुसताना सांगत होती. "या वर्षी बिचारी आपणहून शनिवारी आलीय. काही कमी पडायला नको."

चौरंगावर ड्रिल मशीन होतं, पान्यांचा सेट होता, मावशीची शिवणाची कात्री होती. दोन्ही गाड्या धुऊन त्यांच्या किल्ल्या ताम्हणात ठेवल्या होत्या. शार्दूलचा एक स्टेथोस्कोपही होता, इंजिनाला लावून आवाज ऐकायचा. "मुलगा डॉक्टर झाला नाही," मावशी त्याला कुंकू लावत म्हणाली, "पण स्टेथोस्कोप आला घरात." श्रीराम काकांनी, म्हणजे शार्दूलच्या बाबांनी, उभं आयुष्य गाड्यांचे दरवाजे डिझाइन करण्यात घालवलं होतं, आता रिटायर झाल्यावर तुमचं हत्यार कुठलं, असं विचारताच त्यांनी बेसावधपणे टीव्हीचा रिमोट पुढे केला.

"आणि तुझं गं?" मावशीनं विचारलं.

शरयूचे केस ओले होते, हातात चहा होता आणि समोर शार्दूल झेंडूच्या माळा करत होता. त्याला गाठ मारता येत नव्हती. तिचं सगळं लक्ष त्या गाठीकडे. "माझा काय, लॅपटॉप," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हातानं तो आणून ठेवला. पेन ड्राइव्ह त्यालाच लावलेला. मावशीनं झाकणावर स्वस्तिक काढलं, फूल ठेवलं, नमस्कार झाला. छान वाटलं शरयूला. अमेरिकेतली पूजा, अर्ध्या तासात आवरेल असं तिनं धरूनच ठेवलं होतं.

साडेबारा वाजता ती साडी नेसून तयार झाली आणि चौरंगाकडे वळली.

"अगं अगं अगं! हात नको लावूस!" मावशी पुरणाच्या हातानं धावत आली. "उद्या सकाळी उत्तरपूजा! तुला माहीत नाही का?"

माहीत होतं. तिच्याइतकं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. शरयू चौरंगासमोर जमिनीवरच बसली.

सगळी जुनी पानं, सगळे नकाशे, सगळे पुरावे त्या फुलाखाली. मावशीचा चेहरा पडला. काका सोफ्यावरून म्हणाले, "अगं, देव समजून घेतो. माझा रिमोटपण..." आणि मावशीनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते वाक्य तिथेच संपलं. पण मग तीच शरयूजवळ येऊन बसली. "ने बाई. चार वर्षं खपली आहेस तू. देवीची क्षमा मी मागेन."

शरयूनं हात पुढे केला. अगदी फुलापर्यंत नेला. आणि तिला बाबा दिसले... साहेबांना खिडकीतून चढवताना लालबुंद झालेले बाबा, पण फळीला बोट न लावता गेलेले. ज्यांच्यामुळे हा शब्द हाती लागला त्यांचाच नियम मोडून तो शब्द सिद्ध करायचा? तिनं हात मागे घेतला.

"नाही जमणार मला, मावशी. मी तशीच जाते."

"कशी जाणार?" शार्दूलनं विचारलं. "गाडीच्या किल्ल्या..."

सगळ्यांनी ताम्हणाकडे बघितलं. दोन्ही किल्ल्यांवर अक्षता होत्या.

टॅक्सीवाल्यानं दीड तास सांगितला. घड्याळात एक वाजला. शेवटी शार्दूल म्हणाला, "आई, कुंपणवाली आजी?"

कुंपणवाली आजी म्हणजे शेजारीण. वीसेक वर्षं शेजार होता. बर्फ आमच्याकडे उडवता, तुमचा दिवा माझ्या खिडकीत येतो, असल्या तक्रारी सोडल्या तर बोलणं नव्हतं. काकांच्या मते ती रशियन होती, मावशीच्या मते पोलिश. विचारायचं राहूनच गेलं. शिवाय मावशीच्या बाजूनं एक चोरी होती. आजीच्या रेडबड नावाच्या झाडाच्या फांद्या कुंपणावरून अलीकडे येत. त्याची पानं बदामाच्या आकाराची आणि ऑक्टोबरात पिवळीधम्मक. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला, म्हणून दसऱ्याचं सोनं मावशी दरवर्षी तिथूनच लुटून आणायची.

तरीही शार्दूल गेला. आणि आजीला घेऊनच परत आला. आजी काठी टेकत, कपाळाला आठ्या घालून दारात उभी राहिली. "तुमच्या गाडीच्या किल्ल्यांची प्रार्थना चालू आहे, असं हा मुलगा म्हणतो," ती इंग्रजीत म्हणाली. "मला बघायचंय. थाप असेल तर मी नेणार नाही."

तिला चौरंगापाशी नेलं. शरयू आतल्या खोलीत डोळे पुसत होती, मावशी आजीला खुर्ची आणायला धावली. आजी वाकून बघत राहिली. पान्यांवरची हळद बघितली, ड्रिलवरचं फूल बघितलं. कपाळाच्या आठ्या हळूहळू गेल्या. आणि ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटली.

इतकं हळू, की दुसऱ्या कुणाला ऐकूच गेलं नसतं. पण शार्दूल दिवसभर ब्रेक ऐकणारा माणूस होता, आणि कालच्या गाडीत त्यानं एकच शब्द तीन तास घोकला होता.

"आजी," तो म्हणाला, "काय म्हणालात? परत म्हणा. प्लीज."

"तेवा इएरुओचि," आजी म्हणाली. "माझ्या वडिलांची हत्यारं. ते सुतार होते. शनिवारी संध्याकाळी सगळी तेल लावून पुसून ठेवायचे, आणि रविवारी कुणी हात लावला तर..." तिनं काठी उगारून दाखवली.

"शरयू!" शार्दूलनं अशी हाक मारली की काकांच्या हातातला चहा सांडला. "शरयू, बाहेर ये! अनेकवचन आलं आहे!"

---

आजीचं नाव मिसेस ओझोल्स, आणि ती रशियनही नव्हती, पोलिशही नव्हती, लाटव्हियन होती. तिची गाडी लांबलचक, आणि वेग असा की शेजारून सायकलवाले पुढे जात होते. मागच्या सीटवर शरयू आणि शार्दूल, मधे आजीची पर्स.

"मंडळात मी पाऊल टाकत नव्हते," आजी आरशातून बघत म्हणाली. भांडण होतं, नऊवारी लुगड्याएवढं लांब. बटाट्याच्या सॅलडवरून सुरू झालेलं. अमुक बाईंनी त्यात सफरचंद घातलं आणि वर हीच आमच्याकडची रीत म्हणून सांगितलं. शरयूला एकदम आपल्या मंडळांची आठवण झाली आणि जरा धीर आला.

तरी बोटं गार पडली होती. "स्लाइड्सशिवाय काय बोलू मी?"

"काल ट्रेनमध्ये बोललीस तसं बोल," शार्दूल म्हणाला. "त्या बाईचा स्टॉप गेला. माझा पण गेला असता."

"तुझा तर माझाच होता."

"हो. ते मला तेव्हा माहीत नव्हतं." तो खिडकीबाहेर बघायला लागला. "मी विचार करत होतो, उतरू कसा."

आजीनं ब्रेक दाबला. ब्रेक चिरकला. "मागचा डावा," शार्दूल आपसूक म्हणाला. शरयूला हसू फुटलं, आणि बोटं थोडी गरम झाली.

हॉल अगदी ओळखीचा निघाला. पुढच्या रांगेत ज्येष्ठ मंडळी, मागे पेंगणारी तरुण मंडळी, कोपऱ्यात राईच्या ब्रेडचे सँडविच झाकून ठेवलेले, आणि कार्यक्रम अर्धा तास उशिरा. मध्ये प्रोफेसर हॉलिस पाय लांब करून बसलेले. माइक सुरू केला तर तो किंचाळला. दोन स्वयंसेवकांनी त्याला थापटून बघितलं. शार्दूल शांतपणे पुढे गेला, स्पीकरचं तोंड जरा फिरवलं, आणि माइक गप्प झाला. जाता जाता तो तिला म्हणाला, "झालं. आता तू बोल."

शरयू बोलली. कागद नाही, पडद्यावर काही नाही, नुसते दोन हात. तिनं मिरजेची फळी सांगितली, बँकेच्या साहेबांना सांगितलं, सकाळचा चौरंग सांगितला, आणि माझं सगळं संशोधन या क्षणी ट्रॉयमध्ये एका फुलाखाली विश्रांती घेतंय, हेही सांगितलं. ज्येष्ठ मंडळी हसून हसून लाल झाली. मग तिनं मिसेस ओझोल्सना पुढे बोलावलं. आजीनं वडिलांचा रंधा सांगितला, तेलाचा वास सांगितला, आणि तो शब्द त्याच सहजतेनं उच्चारला.

"खोटं!" पहिल्या रांगेतून एक बाई उठल्या. सफरचंदवाल्या त्याच असाव्यात. "आमच्याकडे असं कुणी म्हणत नसे!"

"तुमच्याकडे बटाट्यात सफरचंद घालतात!" आजी गरजली.

"माझे आजोबा म्हणत!" मागून एक म्हातारे ओरडले. "विळ्याकोयत्याला म्हणत!"

बघता बघता हॉलमध्ये दोन तट पडले. कुणी गावाची नावं घेत होतं, कुणी आजीआजोबांची. तरुण मंडळी जागी झाली. सँडविच तसेच राहिले. शरयू माइक धरून उभी, आणि प्रोफेसर हॉलिस खिशात पेन शोधत तिच्याकडे धावत आले. त्यांचा चष्मा नाकाच्या टोकावर आला होता.

"एक माणूस मागितलं होतं मी," ते म्हणाले, "तू तर युद्ध उभं केलंस! कोण कुठल्या गावचं ते टिपून घे आधी. जानेवारीत रिगाला जायचंय तुला!"

शरयूला ओरडावंसं वाटलं. तिनं गर्दीतून शार्दूलला शोधलं. तो भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होता. रिगा हा शब्द ऐकून त्याच्या टाळ्या एक क्षण थांबल्या, मग पुन्हा सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्यानं. हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते ट्रॉयपासून फार लांब होतं.

---

दसऱ्याच्या सकाळी उत्तरपूजा झाली. काकांनी अक्षता पडायच्या आत रिमोट उचलला. लॅपटॉप शरयूच्या हातात आला तेव्हा त्याच्या फटीत कुंकू गेलं होतं. तिनं ते पुसलं नाही.

दारावर काठी वाजली. आजी टोपली घेऊन उभी. टोपलीत रेडबडची पानं, ओली, पिवळी, काठोकाठ. "दरवर्षी बघते मी खिडकीतून," ती मावशीला म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही भाजी करता. आता चोरू नका. हवी तेवढी न्या." मावशीनं तिला हाताला धरून आत नेलं आणि श्रीखंडाच्या पातेल्यासमोर बसवलं.

शरयूनं मावशीला स्वयंपाकघराच्या दारातच गाठलं. "मावशी, खरं सांगा. शार्दूल शुक्रवारी त्याच गाडीत कसा होता?"

"शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या नीना आत्याला चकल्यांचा डबा द्यायचा होता."

"चकल्या पोस्टानं जातात."

मावशीनं पदराशी चाळा केला. "तू आईला म्हणाली होतीस ना, मला कुणी मुलगा दाखवायचा नाही. मग आम्ही दोघींनी दाखवला नाही. गाडी तेवढी एक केली. शेजारची सीट तुमची तुम्ही पकडलीत हं!" मग जरा घाबरून, "आणि लॅपटॉप तू आपणहून दिलास."

रागवायचं शरयूच्या मनात होतं. पण गाठ न जमणाऱ्या माळा डोळ्यांपुढे आल्या आणि राग काही येईना.

शार्दूल मागच्या अंगणात उभा होता. पाऊस थांबला होता. त्याच्या हातात एकच पान होतं, टोपलीतलं सगळ्यात पिवळं. ती आली तशी त्यानं घसा साफ केला.

"सोनं घे," तो म्हणाला. "आणि... एक मिनिट. इएरुओत्सिस."

बरोबर आला. अगदी मधल्या वळणासकट. रिगाच्या माणसालाही चूक काढता आली नसती.

"हातात असतं ते," तो म्हणाला, आणि पान तिच्या तळहातावर ठेवलं. त्याचा हात मात्र तिथेच राहिला. "शरयू, मला मराठी नीट नाही येत. मी पाठ केलं होतं, पण आता गेलं. मला तू आवडते. आवडतेस. खूप. ट्रेनपासून. आणि तू जा रिगाला, यू हॅव टु गो... पण तिथे ट्रॅम आहेत. जुन्या. मी वाचलं."

"मग?"

"ट्रॅमचे ब्रेक फार ओरडतात. कुणीतरी ऐकायला पाहिजे ना?"

शरयूला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम कसं करायचं ते तिला सुचेना. पान गार होतं, हात गरम होता. स्वयंपाकघराच्या खिडकीत मावशी, काका आणि आजी ओळीनं उभे होते, आणि तिघंही आकाशाकडे बघत होते.

"शार्दूल! पानं वाढलीत!" मावशीनं आकाशाकडे बघतच हाक मारली.

शरयूनं डोळे पुसले, पान आणि त्याचा हात एकाच मुठीत धरला.

"अहो," ती म्हणाली, "चला. जेवायला बोलावताहेत."

तो जागचा हलेना. "तू अहो म्हणालीस."

"मोठ्या माणसांना म्हणतात मराठीत."

"पण मी मोठा नाही."

"माहीत आहे मला," शरयू म्हणाली, आणि त्याला तसंच हाताला धरून घरात घेऊन गेली.